खत पेंडीच्या पोत्यातून येत होतं

लसूणघासाच्या पानांच्या कडेला पांढरे ठिपके दिसायला लागले तेव्हा मी पंप काढला आणि बुरशीनाशक मारलं. पंधरा दिवसांनी परत मारलं. ठिपके जिथल्या तिथे. टाचणीच्या डोक्याएवढे, आणि पानाच्या मधोमध एकही नाही. सगळे काठाकाठाने, कुणी पानाला टाके घालून ठेवल्यासारखे. रोग इतका शिस्तीत येत नाही, हे आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की दर कापणीला भारे कमी निघतायत आणि मधेमधे गवत घुसतंय.

आमच्याकडे दहा दुभत्या गाई आणि चार-पाच कालवडी. जमिनीचे तीन तुकडे. गोठ्याला लागून एकरभर, त्याला आम्ही जवळचं रान म्हणतो. तिथे मका आणि नेपियर गवत. त्याच्या खाली उतारावर तीन एकर कुरण, अर्धा दिवस गाई तिथे चरतात. आणि अर्ध्या किलोमीटरवर, चढाच्या वाटेने, एकरभर लांबचं रान. ठिपक्यांचा लसूणघास तिथला.

वडिलांपासूनची पद्धत अशी की सकाळी गोठा झाडायचा, शेण पाटीत भरायचं आणि जवळच्या रानात नेऊन टाकायचं. उन्हाळ्यात रात्री गाईही तिथेच बांधायच्या. चढ चढून शेणाची पाटी लांब कोण नेणार? तिथून चाऱ्याचे भारे मात्र रोज यायचे. जाताना रिकाम्या हाताने आणि येताना डोक्यावर भारा, असं वीस वर्षं चाललं. लांबच्या रानाला वर्षाला एक पोतं डीएपी, म्हणजे नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) देणारं खत, आणि प्रत्येक कापणीनंतर थोडा युरिया. लसूणघास हे द्विदल, मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र स्वतः मिळवणारं, त्याला युरिया घालणं म्हणजे कमावत्या पोराला खाऊचे पैसे देणं. फुकटचा नत्र मिळाला की त्या गाठीही कामाला ढिल्या पडतात. पण सवय होती. पालाश (पोटॅशियम) कधीच घातलं नाही, कारण आपल्या जमिनीत पालाश रग्गड असतं असं सगळेच म्हणत.

माती परीक्षण केलंच नव्हतं असं नाही. एकदा केलं होतं, आणि त्यानेच घोळ केला. तिन्ही तुकड्यांतून दोन-दोन खुरप्या माती घेतली, एकत्र केली, वाळत घातली (खताच्याच रिकाम्या पोत्यावर, हे आता सांगायलाही लाज वाटते) आणि एकच पिशवी प्रयोगशाळेत दिली. उपलब्ध स्फुरद किलोमागे 17 मिलिग्रॅम, शेरा ‘मध्यम’. पालाशही ठीक. मी निर्धास्त झालो आणि पुढची तीन वर्षं आधी घालत होतो तेच घालत राहिलो. एक अजीर्णाने लोळतोय आणि एक उपाशी आहे, दोघांना मिळून विचारलं तर भूक मध्यमच निघणार.

ते डोळे उघडले गाईमुळे. चंद्री पाचव्या वेताला व्यायली. वार पडली, वासरू उठून प्यायलं, सगळं नीट. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तर बसलेली, मान वळवून कुशीत घातलेली, कान गार. उठवायला गेलो तर मागचे पाय साथ देईनात. डॉक्टर आले, शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं. बाटली संपत आली तशी तिच्या अंगावर शहारे आले, एक मोठी ढेकर दिली, शेण टाकलं आणि थोड्या वेळाने धडपडत उभी राहिली. दुग्धज्वर. यात ज्वर काही नसतो, उलट अंग गार पडतं, तरी नाव तेच.

हात धुता धुता डॉक्टरांनी विचारलं, “आटवल्यानंतर हिला चारा कुठला घालत होता?”

“जवळच्या रानातलं नेपियर. गाभण म्हणून मुद्दाम हिरवंगार निवडून घालत होतो.”

“आणि त्या रानाला खत?”

“सगळं शेण तिथेच जातं, डॉक्टर.”

ते म्हणाले, “मग तिथली माती तपासून घ्या. पालाश भरपूर असेल तर गवत ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त पिऊन घेतं. वाढीला त्याचा उपयोग नाही, पण ते गाईच्या पोटात जातं. विण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत असा चारा खाल्ला की व्यायल्यावर हाडांतलं कॅल्शियम पटकन मोकळं होत नाही.” एक गाय एवढ्यानेच पडली असं म्हणता येणार नाही, वेतही पाचवं होतं, हेही ते म्हणाले. पण गोठ्यातल्या दुखण्याचा धागा मातीपर्यंत जातो हे मला पहिल्यांदा त्या पहाटे कळलं.

या वेळी नमुने नीट घ्यायचे ठरवलं. तीन तुकड्यांचे तीन वेगळे नमुने. मका-नेपियर आणि लसूणघासाच्या रानात इंग्रजी व्हीच्या आकाराचा 15 सेंटिमीटर खोल खड्डा, त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत पातळ चकती कापून घ्यायची. नागमोडी चालत एका तुकड्यात अशा 15 ते 20 जागा. कुरणात मात्र खोली निम्मीच, साडेसात सेंटिमीटर. तिथे नांगर फिरत नाही, जे काही पडतं ते वरच्या थरातच साचतं आणि गवताच्या मुळांची गर्दीही तिथेच. दरवर्षी तेवढीच खोली आणि तोच महिना, नाहीतर मागच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ उरत नाही. खत टाकून दोन-तीन महिने झालेले असले पाहिजेत. बादली प्लास्टिकची, जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत माती घेतली की अहवालात जस्त फुगून येतं.

सगळ्यात अवघड काम म्हणजे कुठली जागा टाळायची हे. शेणाचा पोव टाळायचा हे कळतं. पण मुताची जागा दिसत नाही, ती ओळखावी लागते. सकाळच्या तिरप्या उन्हात कुरणाकडे खाली बसून पाहिलं तर गडद हिरवे गोल दिसतात, ताटाएवढ्यापासून परातीएवढे, आणि तिथलं गवत वीतभर उंच. गाय एकदा मुतते तेव्हा तेवढ्याशा जागेवर जो नत्र पडतो तो हिशेबाने हेक्टरी 500 ते 1000 किलोच्या घरात जातो. कुठलंच गवत एवढा वापरू शकत नाही. उरलेला हवेत जातो किंवा पावसाबरोबर खाली झिरपतो. अशा गोलातली एक खुरपी जरी नमुन्यात आली तरी आकडा बिघडतो. फाटक, पाण्याची टाकी, मोठं झाड, कुंपणाची कड, या जागाही सोडल्या. पण झाडाखालच्या मातीबद्दल उत्सुकता होती, म्हणून तिची एक वेगळी पिशवी भरली.

त्या गोलांपाशी बसलो असताना एक गोष्ट ध्यानात आली जी तिथे रोज ये-जा करूनही दिसली नव्हती. कुरणातली द्विदल वेल बाकी रानातून जवळजवळ नाहीशी झाली होती, पण या गोलांच्या कडेने ती टिकून होती. मूत म्हणजे नत्र आणि पालाश. नत्राने द्विदल वाढत नाही, गवत वाढून तिला दाबतं. मग तिला तिथे धरून ठेवणारं काय, तर पालाश. जमिनीने मला तिचा अहवाल आधीच लिहून दाखवला होता.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. ऑल्सेन पद्धतीने (मातीतलं उपलब्ध स्फुरद मोजायची एक पद्धत) स्फुरद, किलोमागे मिलिग्रॅममध्ये: जवळच्या रानात 41, कुरणात 9, लांबच्या रानात 4. या पद्धतीत 10 च्या आत म्हणजे टंचाई, आणि 20-30 च्या पुढे गेल्यावर आणखी स्फुरद घालून पीक फारसं वाढत नाही. पालाश: 520, 110 आणि 45. तिन्हींच्या स्फुरदाची सरासरी काढली तर 18. तीन वर्षांपूर्वी मला ‘मध्यम’ म्हणून झोपवणारा आकडा इथून आला होता. झाडाखालची पिशवी तर जवळच्या रानालाही मागे टाकून गेली. तीन एकरांत खाल्लेलं गाई तिथे सावलीत बसून टाकत होत्या.

इथे एक ठेच लागली, ती सांगतो, कारण ती बहुतेकांना लागते. अहवालात स्फुरद आणि पालाश मूलद्रव्य म्हणून दिलेले असतात, आणि खताच्या पोत्यावरचे आकडे त्यांच्या ऑक्साइडचे. सुपर फॉस्फेटवर 16 टक्के लिहिलेलं असतं ते शुद्ध स्फुरद नव्हे. शुद्ध स्फुरदाला 2.29 ने गुणलं की पोत्यावरचा आकडा मिळतो. पालाशला 1.2 ने. शिवाय काही अहवाल मिलिग्रॅममध्ये येतात, काही हेक्टरी किलोमध्ये. 15 सेंटिमीटर थराला मिलिग्रॅमला 2.24 ने गुणायचं. मी पहिला अख्खा हिशेब हे न करता मांडला आणि स्फुरद निम्म्याहून कमी काढून बसलो. धाकट्या भावाने पकडलं. त्याने ते कसं हसत हसत पकडलं ते लिहीत नाही.

मग दोघं वही घेऊन बसलो. लांबच्या रानातून वर्षाला साधारण 35 टन ओला लसूणघास येतो. त्यात सुका भाग 7 टन. सुक्या टनामागे 20 ते 25 किलो पालाश. म्हणजे एका एकरातून वर्षाला दीडशे किलोच्या आसपास पालाश आम्ही भाऱ्यात बांधून घरी आणत होतो. पोत्याच्या भाषेत सांगायचं तर म्युरेट ऑफ पोटॅशची सहा पोती. दरवर्षी. आणि बदल्यात परत किती जात होतं, तर शून्य. कडेच्या पांढऱ्या ठिपक्यांचा अर्थ एवढाच होता. लसूणघासाला पालाश कमी पडलं की अगदी असेच ठिपके येतात, पानांच्या काठाने. त्यावर मी दोन वेळा बुरशीनाशक मारलं होतं.

पण वहीचं दुसरं पान जास्त धक्का देणारं निघालं. भाऊ म्हणाला, “आपण खत विकत आणतो ते धरलं. पण पेंड आणि कोंडा आणतो त्यातून काय येतं?” मी म्हटलं ते खाद्य आहे, खत कुठे आहे. त्याने मांडलंच. वर्षाला 12 टन खुराक, सरासरी प्रथिनं 20 टक्के. प्रथिनांना 6.25 ने भागलं की नत्र मिळतो. टनाला 32 किलो, 12 टनांत 384 किलो नत्र. 45 किलोची साडेअठरा पोती होतील एवढ्या युरियातला नत्र आम्ही युरिया न म्हणता आणत होतो. स्फुरद टनाला 7 किलो धरला तर 84 किलो.

आता बाहेर काय जातं? दूध. हजार लिटर दुधाबरोबर पाच किलोच्या वर थोडा नत्र, एक किलोच्या आत-बाहेर स्फुरद आणि दीड किलो पालाश जातं. आमचं वर्षाचं दूध 30 हजार लिटर. म्हणजे नत्र 155 किलो, स्फुरद 28. बाकी? स्फुरद 56 किलो दरवर्षी आमच्याच आवारात राहत होतं. थोडं कालवडींच्या हाडांत गेलं असेल, तेवढं सोडा. 56 किलो म्हणजे सुपर फॉस्फेटची 16 पोती. ती येत होती पेंडीच्या पोत्यातून, जात होती गाईच्या पोटातून, आणि पडत होती एकाच एकरात. वर जवळच्या रानाला मी दरवर्षी न चुकता डीएपीही घालत होतो.

वडील तिथेच खाटेवर होते. ते म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्या जागी शेण टाकलं?” म्हटलं, “चुकीच्या नाही आप्पा, जवळच्या.” ते काही बोलले नाहीत.

मग प्रश्न उरला नेण्याचा. इथे आणखी एक हिशेब कळला आणि तो फार कामाचा आहे: गाईने खाल्लेलं स्फुरद जवळजवळ सगळं शेणातून पडतं, पालाश बहुतेक मुतातून, आणि नत्र दोन्हींतून. आम्ही शेण जपत होतो आणि मूत गटारातून ओढ्याच्या बाजूला सोडत होतो. गटाराच्या तोंडाशी तण पुरुषभर उंच, पानं तळहातापेक्षा मोठी, काळीभोर हिरवी. लांबच्या रानाला जे हवं होतं ते तिथे तणाला चारलं जात होतं, आणि पावसाळ्यात ओढ्यात. ओढ्याच्या डबक्यावर दरवर्षी हिरवी साय धरायची ती कशाची, हेही उमगलं.

गोठ्याच्या खालच्या अंगाला हौद बांधला, 30 हजार लिटरचा, वर झाकण, खाली गळती नको म्हणून गिलावा नीट. शेण, मूत, धुण्याचं पाणी, सगळं त्यात. रोज साधारण 500 लिटर जमा होतं, म्हणजे दोन महिन्यांत भरतो. एक सावधगिरी: साचलेली स्लरी ढवळायला लागलं की विषारी वायू सुटतो, आणि तो काही श्वासांत माणूस पाडतो. झाकण उघडून, वारा असताना, लांबून ढवळायचं. आत वाकून बघायचं नाही आणि आत कुणाला उतरवायचं तर अजिबात नाही.

ढवळल्याशिवाय स्लरीचा नमुना घेण्यात अर्थ नाही, कारण स्फुरद गाळाबरोबर तळाशी बसतं आणि वर नुसतं पालाशचं पाणी येतं. आमचा नमुना तपासला तेव्हा हजार लिटरला अडीच किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि दोन किलो पालाश निघालं. लांबच्या रानाचं दीडशे किलो पालाश यातून भरून काढायचं तर 75 हजार लिटर. आमचा टँकर तीन हजारांचा. 25 खेपा, चढाने.

पहिल्या वर्षी 11 झाल्या. एकदा वाटेत मागचं चाक घळीत गेलं आणि अर्धी स्लरी वाटेवर सांडली. त्या जागचं गवत वर्षभर आमच्याकडे बघून हसत होतं. म्हणून मधला मार्ग काढला: निम्मं पालाश स्लरीतून, निम्मं पोत्यातून, तेही एकदम नाही तर दोन-तीन कापण्यांनंतर वाटून, कारण एकदम घातलं की पीक पहिल्याच कापणीला हावरटासारखं उचलून घेतं. स्लरी टाकायची ती कापणी झाल्या झाल्या, फुटवे यायच्या आत. पानांवर पडली तर पानं करपतात आणि पुढे चाऱ्याला वास मारतो. संध्याकाळी, वारा पडल्यावर. स्लरीतला जवळपास निम्मा नत्र अमोनियाच्या रूपात असतो आणि उन्हात पसरली तर त्यातला बराचसा पहिल्या काही तासांतच उडतो. नाकाला जे झोंबतं ते आपलंच खत असतं.

या सगळ्यावर डोळे झाकून विश्वास नको म्हणून लांबच्या रानात तीन-तीन मीटर रुंदीचे चार पट्टे आखले. एक कोरा, एकाला फक्त स्फुरद, एकाला फक्त पालाश, एकाला दोन्ही. फक्त स्फुरदाचा पट्टा कोऱ्यापासून ओळखू येईना. पालाशच्या पट्ट्यात दुसऱ्या कापणीला ठिपके गेले. पण भारा खरा वाढला तो दोन्ही घातलेल्या पट्ट्यात. सगळ्यात कमी असलेलं अन्नद्रव्य बाकीच्यांना अडवून धरतं, हा नियम 19व्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्प्रेंगेल यांनी मांडला आणि युस्टुस फॉन लीबिग यांनी गाजवला. मी तो कापलेल्या लसूणघासाच्या चार ढिगांवर पाहिला, तराजू घेऊन. वर्षानुवर्षं डीएपी घालूनही तिथलं पीक का हलत नव्हतं त्याचं उत्तर त्या दुसऱ्या, न हललेल्या पट्ट्यात होतं.

युरियाचंही एकदा हसं झालं होतं, ते इथेच सांगून टाकतो. नेपियर कापलं, जमीन ओलसर, ऊन कडक, पाऊस येईल येईल म्हणून मी युरिया फोकला. सहा दिवस थेंब नाही. तिसऱ्या दिवशी रानातून जाताना डोळे चुरचुरले. ओलसर, उष्ण जमिनीवर उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन उडतो, आणि आमच्यासारखा 8 च्या आसपास सामू (पीएच) असेल तर आणखी जोरात. 10-15 मिलिमीटर पाणी लगेच मिळालं तर तो विरघळून खाली उतरतो. आता पाण्याची पाळी ज्या दिवशी असेल त्याच दिवशी, पाणी सोडायच्या जरा आधी टाकतो. पावसाच्या भरवशावर नाही. आणि चिखल झालेल्या रानात तर नाहीच, तिथे तो वाहून जातो किंवा हवेविना कुजून नत्रवायू होतो. नत्र जास्त झालेलं गवत पाण्याचा ताण पडला की नायट्रेट साठवून ठेवतं, बहुतेक खोडाच्या खालच्या भागात, आणि ते गाईला मारू शकतं. म्हणून ताणातलं रान लगेच बुडापासून कापून घालत नाही.

कुरणाचा प्रश्न वेगळा होता. तिथे खत नेणाऱ्या आणि टाकणाऱ्या गाईच. त्या टाकतातही भरपूर, फक्त झाडाखाली आणि टाकीपाशी. म्हणून टाकी उताराच्या खालून वरच्या पडीक कोपऱ्यात हलवली, चाटणविटा तिकडे टांगल्या, कुरणाचे सहा भाग करून तारेने अडवले, आणि झाडाखालचा भाग बंद केला. पहिले काही दिवस गाई सवयीने झाडापाशी जाऊन तारेला तोंड लावून उभ्या राहायच्या. मग विसरल्या. वर सुपर फॉस्फेट आणि थोडं पालाश टाकलं, आणि कुरणाचा युरिया दोन वर्षं पूर्ण थांबवला.

या युरिया थांबवण्यावर घरात खूप वाद झाला. पहिल्या वर्षी कुरण पिवळट दिसलं आणि मलाही धीर सुटत होता. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथे 1856 पासून एका गवताच्या रानावर पट्टे आखून खतांचा प्रयोग सुरू आहे. तिथे नत्र न घालता स्फुरद आणि पालाश दिलेल्या पट्ट्यांत द्विदल वनस्पतींनी जोर धरला, आणि नत्र वाढवलेल्या पट्ट्यांत वनस्पतींचे प्रकारच घटत गेले. एवढ्या आधारावर दम धरला. दुसऱ्या पावसाळ्यात द्विदल वेल गोलांच्या बाहेर पडली. तिसऱ्या वर्षी सकाळच्या तिरप्या उन्हात खाली बसून पाहिलं तर गडद गोल पूर्वीसारखे उठून दिसेनात; सगळं रानच त्या रंगाकडे सरकलं होतं.

जवळच्या रानाला चार वर्षं स्फुरद किंवा पालाशचा एक दाणा घातलेला नाही, शेणाची पाटीही नाही. मका एवढासाही मागे पडला नाही. स्फुरद 41 वरून 35 वर आलं. पालाश झपाट्याने उतरतंय, 520 होतं ते 330. तरी तिथलं नेपियर विण्याला आलेल्या गाईला घालत नाही. तिला मक्याची कुट्टी आणि सुकं गवत. चंद्रीचं पुढचं वेत कॅल्शियमच्या बाटलीशिवाय पार पडलं. बाटली मात्र आणून ठेवली होती.

लांबच्या रानात आता भारे वाढलेत. या वर्षी 19 खेपा झाल्या. उत्तरेच्या टोकाला, जिथे टँकर वळत नाही, तिथे चार-पाच वाफ्यांत स्लरी पोचतच नाही. परवा त्या वाफ्यांतलं एक पान तोडून आप्पांना दाखवलं. काठाने ठिपके, तसेच. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “पाटी आहे का आपल्याकडे अजून, की फेकली?”